हजेरीमास्तर

हे त्यांचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावाने त्यांना आमच्या संस्थेत फक्त पगारपत्रक ओळखतं. हुद्दा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, काम क्लस्टर चालता ठेवण्याचं. ध्यास मात्र एकच: कुठलं सॉफ्टवेअर कोण वापरतं आणि कोण नुसतंच मागून ठेवतं. सी-डॅकने १९९१ साली पुण्यात परम ८००० उभा केला, हे ऐकून इतरांची मान ताठ होते. मास्तर विचारतात, "त्यावर कोणता प्रोग्रॅम किती वेळा चालला, ती वही कुठाय?"

आधी ते ‘मॉड्यूल लोड’च्या नोंदी मोजत. मग कळलं, की पोरं केव्हाच पास होऊन गेलेल्या सीनियरची बॅश-आरसी फाइल जशीच्या तशी उचलतात. लॉगिन केलं की तिच्यातली आठ मॉड्यूलं हजर, काम एकालाही नाही. "ही चक्क प्रॉक्सी!" मास्तर कडाडले आणि टेक्सासच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रातलं एक्सॉल्ट घेऊन आले. ते प्रोग्रॅम लिंक होतानाच त्यात खूण पेरतं आणि तो खरोखर चालला की नोंद करतं. तेवढ्यात एका पठ्ठ्याने दहा हजार जॉबचा अ‍ॅरे सोडला आणि त्याचा चार ओळींचा प्रोग्रॅम यादीत पहिला आला! तेव्हापासून मास्तर फेऱ्या सोडून माणसं मोजतात.

मॅटलॅबची लायसन्सं मोजकी, ती सगळ्यांत मिळून. एलएमस्टॅट विचारलं, की कोणतं लायसन्स कोणाकडे आणि कधीपासून अडकलंय ते दिसतं. मग दुपारच्या चहाला मास्तर कॅन्टीनमध्ये अदबीने उभे. "सर, मॅटलॅब सकाळपासून तुमच्या खोलीत एकटीच बसलीय. बाहेर पोरं खोळंबलीत." सर बशीतला चहा तसाच ठेवून उठतात. पुढच्या मीटिंगला हेच सर लायसन्सं वाढवून मागतात. मास्तरांना सगळे आकडे तोंडपाठ, तरी ते शेंगदाणे खात गप्प. या गप्प बसण्यावरच त्यांची नोकरी टिकली असावी.

दर मार्चला बिनवापराच्या जुन्या आवृत्त्या काढतात. जीसीसी ४.८.५ मात्र दरवेळी वाचतो. वर्षातून एकदा, एका बाईंच्या हवामानाच्या मॉडेलपुरता तो जागा होतो; त्या मॉडेलला दुसरा कंपायलर मानवत नाही. कमी वापर म्हणजे कमी गरज, हे तक्त्याचं म्हणणं इथे लंगडं पडतं. मास्तरांना ते पटलेलं असतं, पण तक्त्याचा अपमान नको म्हणून ते त्या ओळीपुढे ‘निरीक्षणाखाली’ असं लिहितात. गेली कित्येक वर्षं तेच लिहितायत.

घरीही तेच. मिक्सरची भांडी चार, वापरात एक, तेव्हा उरलेली तीन काढू या, असं परवा माझ्यासमोरच म्हणाले. वहिनींनी शांतपणे विचारलं, "आणि तुमची व्यायामाची सायकल?"

"ती रोज वापरात आहे," असं म्हणून मास्तरांनी हँडलवरचा ओला टॉवेल नीट पसरला.