आमचा टॉवर मरून झाला

नोव्हेंबर लागला की दिल्लीकर माणूस हवा बघायला खिडकी उघडत नाही. उघडी असेल तर लावतो आणि मग फोन उघडून हवा बघतो. आमच्याकडे सकाळचा चहा ओतताना हे विचारतात, "आज कोणता रंग?" मी "लाल" म्हटलं की फिरणं रद्द, "नारिंगी" म्हटलं की पार्कात दोनच फेऱ्या. नाकाकडे आता चष्मा धरून ठेवण्यापलीकडे काही काम उरलेलं नाही.

ही रंगांची शिस्त सरकारी आहे. २०१५च्या एप्रिलात राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, सुरू झाला आणि ० ते ५०० या आकड्यांना सहा रंग वाटून दिले गेले. ५० पर्यंत गडद हिरवा, १०० पर्यंत फिका हिरवा, २०० पर्यंत पिवळा, ३०० पर्यंत नारिंगी, ४०० पर्यंत लाल आणि त्यापुढे मरून. गडद हिरवा इथे फारसा वापरात नसल्यामुळे अजून नवाकोरा आहे. त्याच्याही आधी, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या हवेचा अंदाज सांगणारी 'सफर' नावाची यंत्रणा उभी राहिली होती. ती उभारली पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने. तुमची हवा किती वाईट आहे हे दिल्लीला पुण्याने सांगावं, यात मला तरी नवल वाटलं नाही.

आम्ही राहतो नोएडात. म्हणजे उत्तर प्रदेशात. पण सांगलीच्या नातेवाइकांना हे समजावण्यात आयुष्य जातं, म्हणून 'दिल्लीला असतो' म्हणतो. आमच्या सोसायटीची एओए, म्हणजे फ्लॅटमालकांची संघटना, गेल्या हिवाळ्यात या रंगांनी भारावली आणि 'आपल्याही सोसायटीचा डॅशबोर्ड हवा' असा ठराव झाला. लॉबीत टीव्ही होताच. त्यावर दिवसभर पाण्यात पोहणारे मासे दाखवत असत.

सेक्रेटरीसाहेब आमच्याकडे आले. "भाभीजी, आप तो बैंक में थीं. और महाराष्ट्र से हैं." इकडे मराठी माणसाबद्दल दोन पक्के समज आहेत: तो गणपती बसवतो आणि हिशेब चोख ठेवतो. गणपती आमचा दीड दिवसाचा आणि घरातल्या घरात, त्यामुळे सोसायटीच्या उपयोगाचा नव्हता. उरला हिशेब. मेंटेनन्सची थकबाकी, जनरेटरला लागणारं डिझेल, पाण्याचे टँकर, बंद पडणाऱ्या लिफ्टा असं सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, असं साहेब म्हणाले. शिवाय मधोमध एक मीटर हवा, त्यात काटा हवा आणि काटा हलला पाहिजे. काट्याने काय दाखवायचं ते नंतर ठरवू.

हिंजवडीतल्या लेकीला फोन केला. ती हेच काम पगार घेऊन करते. तिने पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ अशी नावं सांगितली आणि वर म्हणाली, "आई, सॉफ्टवेअर कुठलंही घे गं, शेवटी सगळी सारखीच छळतात." एकाने नाव नोंदवताना ऑफिसचा ईमेल मागितला. मी निवृत्त, ऑफिस कुठून आणू? दुसऱ्याच्या फुकट आवृत्तीत केलेलं चित्र अख्ख्या जगाला दिसतं असं कळलं. थकबाकीदारांची यादी अख्ख्या जगाला दिसणार म्हटल्यावर खजिनदारांना तो पर्याय फारच आवडला. मी शेवटी तिसरं घेतलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

सॉफ्टवेअर एका संध्याकाळी कळलं. खरंच. इकडची फाइल जोडायची, रकाना उचलून चित्रावर टाकायचा, की खांब उभे राहतात. बँकेत आम्ही लाल शाईने लेजर जुळवत बसायचो, तेव्हा हे असतं तर माझे डोळे वाचले असते. माझे खांब उभे राहिले आणि पहिली बातमी कळली ती ही, की आमच्या सोसायटीत बिल्डरने बांधले त्यापेक्षा बरेच जास्त फ्लॅट आहेत.

झालं असं की मूळ नोंदी होत्या गेटवरच्या रजिस्टरात. तिथे दिवसपाळीचा गार्ड 'बी-१२०३' लिहितो. रात्रपाळीचा '१२०३ बी टावर' लिहितो. तिसरा, जो सर्वांत जुना आणि सर्वांत प्रेमळ, तो 'कर्नल साब' एवढंच लिहितो. माणसाला हे तिन्ही एकच घर आहे हे कळतं, यंत्राला कळत नाही. यंत्राच्या दृष्टीने तिथे तीन कुटुंबं राहत होती आणि त्यांपैकी दोघांनी मेंटेनन्स कधीच भरला नव्हता. कर्नलसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मैं तो एडव्हान्स में भरता हूँ." खरं होतं. आगाऊ भरणारा माणूस माझ्या पडद्यावर दोनदा थकबाकीदार होता.

तारखांनी तर कहर केला. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. ते सॉफ्टवेअर अमेरिकी रीतीने महिना आधी वाचत होतं. ५ डिसेंबरला आलेलं डिझेल त्याने १२ मेच्या खात्यावर घातलं. १२ तारखेपर्यंत असा घोळ, आणि १३ पासून त्याचा तेरावा महिना कुठे सापडेना म्हणून नोंदच गायब. आमच्या सोसायटीत प्रत्येक महिना बारा दिवसांचा झाला. खर्च एकदम निम्म्याहून खाली आलेला पाहून सेक्रेटरीसाहेब हरखले आणि हे असंच राहू द्या म्हणाले.

लेक म्हणाली, "आता कळलं आमचा दिवस कशात जातो? चित्र काढण्यात नाही, निवडण-टिपणात." तांदूळ निवडून झाल्यावर भात काय, कुकर करतो. नोंदी निवडताना मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची फार आठवण झाली. दिवेवाली परिचारिका म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो, पण बाई आकडेशास्त्रात पटाईत होत्या. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ साली पाकळ्यापाकळ्यांच्या रंगीत चित्रातून दाखवलं. पुढे भारतातल्या लष्करी छावण्यांना त्यांनी छापील प्रश्नावल्या धाडल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, वगैरे. त्यावरचा अहवाल १८६३ साली निघाला. त्या स्वतः भारतात कधीच आल्या नाहीत. छावण्याछावण्यांतून आलेले कागदांचे ढीग बाईंनी लंडनला बसून उपसले. तिथल्याही एखाद्या रात्रपाळीच्या शिपायाने 'कर्नल साब' एवढंच लिहिलं असणार, अशी माझी खात्री आहे.

रजिस्टर निवडून झालं आणि कमिटी चित्रं बघायला बसली. खजिनदारांना पाय चार्ट हवा होता, सगळ्या खर्चाचा एकच. खर्चाची कलमं चौदा. चौदा फोडींत बागेच्या खताची फोड कोणती आणि कुत्र्यांच्या लसीची कोणती, हे भिंगाशिवाय दिसेना. या चित्राचा जनक विल्यम प्लेफेअर नावाचा स्कॉटिश गृहस्थ. खांबांचं चित्र त्याने १७८६ साली छापलं आणि हा गोल १८०१ साली. जेम्स वॅटकडे नकाशे काढण्यापासून माणसाने उद्योग नाना केले, पण पैसा हाती टिकला नाही. खर्चाकडे गोल चित्रात बघण्याचा हा परिणाम असावा, असं मी खजिनदारांना सुचवून पाहिलं. ते हसले नाहीत.

मग डिझेल. एका महिन्यात ९६ हजारांचं लागलं होतं, पुढच्या महिन्यात ९२ हजारांचं. दोन खांब जवळजवळ सारखेच. "इसमें हमारा काम दिखता नहीं," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. कमिटीची निवडणूक महिन्यावर आली होती. त्यांच्या भाच्याने युक्ती सांगितली: खालची पट्टी शून्याऐवजी ९० हजारांपासून सुरू करा. केली. त्याबरोबर पहिला खांब सहा बोटं उंच आणि दुसरा दोन. दोन-तृतीयांश बचत! आकडा एकही खोटा नव्हता. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात अशा चित्रांसाठी 'लाय फॅक्टर' नावाचं माप दिलं आहे. चित्रात दिसणारा फरक भागिले खरा फरक. एक आला तर चित्र प्रामाणिक. आमचं सोळा आलं. मी पट्टी शून्यावर परत आणली. त्यावर भाचा म्हणाला, "आंटीजी, आप बहुत निगेटिव हैं."

खरा भडका उडाला तो रंगांवरून. थकबाकीप्रमाणे प्रत्येक टॉवरला रंग द्यायचा होता. "एक्यूआय जैसा कर दो, सबको समझ में आता है," असा सेक्रेटरीसाहेबांचा हुकूम. मी शब्दशः तसंच केलं. आता एक्यूआयची गंमत अशी, की तो सरासरी नसतो. सूक्ष्म धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड असे आठ घटक. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट उचलून तोच त्या ठिकाणचा निर्देशांक म्हणून जाहीर करतात. सात जण सज्जन असले तरी आठवा फुप्फुसाला पुरेसा असतो, म्हणून. याच न्यायाने टॉवरचा रंग ठरला सर्वांत मोठ्या थकबाकीदारावरून. आमच्या सी टॉवरमधले एक गृहस्थ दुबईला असतात. त्यांनी तीन वर्षांत छदाम भरलेला नव्हता. रात्री टीव्ही लावला, मासे गेले आणि सी टॉवर मरून झाला. त्यातच आम्ही राहतो.

सकाळी सातच्या आत व्हॉट्सॅप ग्रुपवर युद्ध पेटलं. नियमित पैसे भरणारे सगळ्यांत जास्त चिडले होते आणि ते रास्तच होतं. एकांनी लिहिलं, "रेट गिर जाएगा." आणि खरोखरच लॉबीत एक ब्रोकर गिऱ्हाईक घेऊन आला होता. तो टीव्हीपुढे पाठ करून उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला मोटारीची पार्किंग दाखवायला घेऊन गेला. ह्यांनी घरात मौन धरलं. दूधवाला मला म्हणाला, "आंटीजी, आपका टावर सील हो रहा है क्या?"

कर्नलसाहेबांनी तोडगा काढला: सरासरी घ्या. घेतली. सगळे टॉवर एकसाथ फिके हिरवे. शांतता. मग खजिनदार उठले: "और जो तीन साल से नहीं दे रहा, वो भी हरा?" त्यांचंही खरं. सर्वांत वाईट घरावरून रंग दिला तर चांगल्यांवर अन्याय. सरासरीने दिला तर चुकारांना सावली. हा पेच सॉफ्टवेअरच्या मेनूत कुठेच सुटत नाही. तिथे दोन्हींना टिचकी एकच.

वार्षिक सभेत दोन तास चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर झाला, की आपल्या सोसायटीत लाल व मरून हे रंग असणार नाहीत. नारिंगीच्या पुढे काही नाही. लिफ्ट किती वेळा बंद पडली, हा विषय वेळेअभावी घेता आला नाही. काटेवालं मीटर मात्र मंजूर झालं. तो काटा आता पाण्याच्या टाकीची पातळी दाखवतो आणि मोटर चालू झाली की हलतो. मुलं शाळेच्या बसची वाट बघताना त्यापुढे उभी असतात.

दुबईच्या गृहस्थांना कुणीतरी मरून टॉवरचा फोटो पाठवला होता. त्यांचे सगळे पैसे सभेच्या आदल्या दिवशी जमा झाले. हे ठरावाच्या आधी कळलं असतं तर मरून रंग वाचला असता, असं खजिनदार अजून म्हणतात.

तुम्हाला तुमच्या सोसायटीत, दुकानात किंवा मंडळात असं काही सुरू करायचं असेल, तर सॉफ्टवेअर महिनाभर उतरवू नका. आधी गेटवर जा. फ्लॅट नंबर लिहायची एकच पद्धत ठरवा आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर ती मोठ्या अक्षरांत चिकटवा. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. गार्ड लोक दोन दिवस कुरकुर करतील, मग लिहू लागतील. याला कुठलं लायसन्स लागत नाही. फक्त त्यांना चालणारं पेन द्या.