दिवसा साखळी, रात्री स्वराज्य

इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात कुत्र्याच्या गळ्यात साखळी नसते, असं कोण म्हणतं? असते की! दिवसभर ती दारातल्या लिंबाला अडकवलेली असते आणि दिवेलागणीला सुटते. म्हणजे पहाटे दूध घालायला किंवा रात्री उसाला पाणी धरायला माणूस निघाला, की समोर मोकळं कुत्रं हजर. याला राखण म्हणतात.

हल्ली बंगल्यांत रॉटवायलरही आलेत. त्यांना फिरवायचं काम घरातल्या शाळकरी पोराकडं. कोण कोणाला फिरवतंय, ते पोराच्या चपलांवरून कळतं. समोरचा बिचकला, की मालक ओट्यावरून धीर देतो, "काय करत नाय ओ तो!" भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र करतं. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर लांडगा, चिंकारा बघायला माणसानं पैसे भरून सफारीला जायचं. कुत्र्याला प्रवेश फुकट. तिथं ते चिंकाऱ्यामागं धावतं, लांडग्याला रेबीज आणि डिस्टेंपरचा आहेर देऊ शकतं. सोयरीकही जमते: पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय.

उपाय स्वस्त आहे. मजबूत आखूड पट्टा, धरायला मोठं माणूस आणि वेळच्या वेळी रेबीजची लस. पण दावं कुणाला बांधायचं, हे गावानं आधीच ठरवलंय: शेळीला. ती अजून कुणाला चावलेली नाही.