बूड टेकण्यापुरता समुद्र

मुंबईत समुद्र दोन प्रकारचा मिळतो. पश्चिमेचा बघायला आणि पूर्वेचा माल उतरवायला. पहिल्याच्या काठी मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे, वरळी सी फेस आहे, बँडस्टँड, कार्टर रोड, जुहू आणि आता कोस्टल रोडलगत नवाकोरा फिरायचा रस्ताही आहे. दुसऱ्याच्या काठी भिंत आहे. भिंतीला गेट आहे, गेटवर वॉचमन आहे, वॉचमनसमोर रजिस्टर आहे आणि रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन आहे. त्यात शाई नसते. चोरायला काही उरलं नसलं तरी सुतळी सोडायची नाही, हा बंदरातला जुना रिवाज असावा.

माझगाव ते शिवडी या पट्ट्यात कुठे घटकाभर बसून पाणी बघता येईल का, एवढीच माझी चौकशी होती. एका गेटवर झालेला संवाद देतो.

"कुठं जायचंय?"
"जरा समुद्र बघायचा होता."
"कोणाकडे आलात?"
"समुद्राकडेच."
"तसं चालत नाही. इथं नाव लिहायचं असतं. कोणाला भेटायचंय त्याचं."

माणूस सज्जन होता. त्याने बोट ठेवून रकाना दाखवला: कोणास भेटावयाचे, खाते, काम. समुद्र कुठल्या खात्यात येतो हे त्यालाही सांगता येईना. 'काम' या रकान्यात 'बसणे' लिहू का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "काका, बसायला साहेब लोक आहेत की आत."

वॉचमनचा दोष नाही. ही भिंत त्याच्या पणजोबांच्या वयाची आहे. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली. मग प्रिन्सेस डॉक आला, व्हिक्टोरिया डॉक आला, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक आला. त्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. कुलाब्यापासून वडाळ्यापलीकडे सुमारे २८ किलोमीटरचा किनारा आणि अठराशे एकरांच्या आसपास जमीन. त्या काळच्या साहेबाने प्रत्येक वस्तूची नीट सोय लावली. कोळशाला कोल बंदर, लाकडाला लकडी बंदर, घोड्यांच्या गवताला 'हे' (म्हणजे इंग्रजीतलं गवत) बंदर. कापसासाठी तर कॉटन ग्रीनला आख्खी गोदामांची वसाहत. गवताची पेंढीसुद्धा हक्काने समुद्रकाठी टेकत होती. माणसाचा विचार करायचा राहून गेला.

अपवाद भाऊंचा. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना बोटीत नीट चढता-उतरता यावं म्हणून धक्का बांधला. मूळ जागा वेगळी होती, पण नाव माझगावपर्यंत आलं आणि आजही मोरा-रेवसची लाँच भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते. तिथे समुद्र उघडा आहे. मात्र पहाटे मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा उभं राहायचं तर पाटीखालून मान काढून. बर्फाचं पाणी चपलेत जातं, मागून हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत येतो आणि 'निवांत' हा शब्द आपण घरी विसरून आलो हे लक्षात येतं. तरी मी याला पूर्व किनाऱ्यावरची सर्वोत्तम सार्वजनिक जागा म्हणेन. कोणी नाव विचारत नाही.

बरं, माल तरी किती उरलाय? १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेले. त्यामागून गोदी कामगारांची संख्या गेली, चहाच्या टपऱ्यांची गिऱ्हाइकं गेली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या तर भरूनच टाकल्या. जिथे जहाजं उभी राहत तिथे आता जमीन आहे, म्हणजे समुद्र आणखी थोडा लांब गेला. एकटी भिंत जागची हलली नाही. तिला पलीकडे बदली मागायचं सुचलं नसेल.

सरकारला मात्र सगळं कळतं. २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली. जमीन लोकांसाठी खुली करा, असं तिनेही सुचवलं. मग पोर्ट ट्रस्टलाच नियोजन प्राधिकरण केलं, २०१८ मध्ये आराखड्याचा मसुदा आला. शिवडीहून घारापुरीपर्यंत रोपवे नेण्याचाही बेत जाहीर झाला होता. जमिनीवर बाकडं ठेवण्यापेक्षा आकाशात पाळणा टांगणं सोपं, हे शहाणपण त्यामागे असणार. अशा आराखड्यांतली चित्रं मी आवडीने बघतो. त्यात हमखास एक जोडपं असतं, फुगा धरलेलं पोर असतं, सायकलवर एक गोरटेली बाई असते आणि झाडं पाच वर्षांची वाढ पूर्ण करूनच लावलेली असतात. ट्रेलर नसतो. डिझेलचा वास तर चित्रात येतच नाही. दरम्यान २०२१ च्या कायद्यानंतर ट्रस्टचं बंदर प्राधिकरण झालं. पाटी बदलली, भिंत रंगवायची राहिली.

आणि या किनाऱ्याला लागून घर असलेली माणसं आहेतच की! दारुखान्याजवळ कौला बंदर आहे. तीन बाजूंना पाणी, म्हणजे बिल्डरच्या भाषेत 'सी व्ह्यू'. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं प्यायचं पाणी पाईपवाल्यांकडून विकत घेतलंय, कारण बंदराच्या जमिनीवरची वस्ती महापालिकेच्या नळाला ओळखीची नव्हती. आराखड्याच्या चित्रातला फुगा धरलेला पोरगा या वस्तीतला नसतो, हे त्याच्या बुटांवरून कळतं.

रडगाणंच गातोय असं वाटू नये म्हणून चांगल्या जागाही सांगतो. गेटवे सोडून द्या, तो पाहुण्यांचा. कुलाब्याला सागर उपवन आहे. पाण्याला लागून बाग, झाडांखाली बाकं. ती बाग पोर्ट ट्रस्टचीच. म्हणजे त्यांना जमतं, मनावर घेत नाहीत एवढंच. माझगावात जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टांच्या नावाचं, डोंगरावर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर. तिथून गोदी, क्रेन, मागचा समुद्र सगळं दिसतं. समुद्र लांबून बघायचा, जवळ जायचा हट्ट करायचा नाही, या अटीवर ही जागा उत्तम.

शिवडी हा शेवटचा आशेचा किरण. स्टेशनच्या पूर्वेला उतरून टँकर आणि ट्रेलरच्या रांगांतून अंग चोरत गेलं की जेट्टी लागते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या चिखलात फ्लेमिंगो येतात, हजारोंनी. ते तासन् तास एका पायावर उभे असतात. पक्षीतज्ज्ञ त्याची शास्त्रीय कारणं देतात. माझ्या मते त्यांनीही बसायला जागा शोधून पाहिली असणार.

त्यांच्या डोक्यावरून जानेवारी २०२४ पासून अटल सेतू जातो. २१.८ किलोमीटर, देशातला सर्वांत लांब सागरी पूल. त्यावरून पूर्वेचा समुद्र असा दिसतो की वा! पण पायी चालायला बंदी, दुचाकीला बंदी, गाडी थांबवायला बंदी. सुरुवातीच्या दिवसांत लोकांनी गाड्या थांबवून फोटो काढले तर पोलिसांना दंड करावा लागला. मोटारीचा एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला होता. समुद्र बघण्याचा हा या भागातला एकमेव रीतसर दर, आणि त्यातही ताशी शंभरच्या वेगाने बघायचा.

मागणी फार मोठी नाही. रोपवे नको, चित्रातली बाई नको, फुगाही नको. भिंतीत शंभर-दोनशे पावलांचं खिंडार पाडा, आत चार बाकं टाका, एक दिवा लावा आणि रजिस्टर उचलून न्या. तोवर शिवडीला जाणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा, पाणी सोबत ठेवा आणि घडीची खुर्ची घरून न्या.