दोन हॉर्सपॉवरचा स्वयंपाक

एअर फ्रायर माणूस तेल वाचवायला घेतो, असा एक समज आहे. तो खुद्द एअर फ्रायरवाल्यांनीच पसरवलेला असल्यामुळे त्याची तपासणी कुणी करत नाही. ती करायची तर शहरातल्या फ्लॅटमध्ये करून भागणार नाही. तिथं घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला वेळ नाहीतर जागा वाचवल्याचं निमित्त आधीच चिकटलेलं असतं. त्यासाठी आंबेगाव तालुक्यातलं अवसरी खुर्द बरं. मंचरच्या शेजारचं, ऊस-बटाटा-तरकारीचं हे गाव. २००९ साली इथं शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून गावाला इंजिनियरांचं अप्रूप उरलेलं नाही. अशा गावात एअर फ्रायरभोवती एक विशिष्ट माणूस तयार होतो. सोयीसाठी त्याला बिनतेले तात्या म्हणू. वय पंचावन्नच्या पुढं, मुलगा चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत, आणि दिवाळीत त्यानंच धाडलेलं खोकं ओसरीवरच्या टेबलावर मांडलेलं. या तात्यांनी जन्मात चहापलीकडे गॅसवर काही ठेवलेलं नसतं. आता मात्र पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच ते म्हणतात, “बसा, फ्रेंच टोस्ट टाकतो. तेलाचा थेंब नाही बरं का.” माझं म्हणणं असं की या यंत्रात तेल हे निमित्तमात्र आहे. हातात उलथणं धरलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं ज्याला वाटतं, त्या पुरुषाला अब्रू शाबूत ठेवून स्वयंपाक करू देणारं हे पहिलं यंत्र आहे, आणि त्याचा खप त्यावरच चालतो.

आधी तेलाचाच हिशेब करू. तात्यांची हुकमी कृती अशी: चार जाड स्लाइस घ्यायचे, प्रत्येकाच्या बोटाएवढ्या तीन-चार पट्ट्या कापायच्या, दोन अंडी अर्धा कप दुधात साखर आणि दालचिनीची पूड घालून फेटायची, पट्ट्या त्यात बुडवून लगेच उचलायच्या, जाळीवर एकमेकींना न चिकटता मांडायच्या आणि १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. हाच पदार्थ तव्यावर केला तर लागतं काय? दोन चहाचे चमचे तूप. म्हणजे दहाएक ग्रॅम स्निग्धांश. फ्रेंच टोस्ट घरात कढईत बुडवून तळण्याची रीत मुळात नव्हतीच, त्यामुळे जे तेल कधी लागत नव्हतं तेच वाचवल्याचा हा आनंद आहे. उलट दोन अंड्यांतच दहा ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, मलईच्या दुधात आणखी सात-आठ. शिवाय पट्ट्या जाळीला चिकटू नयेत म्हणून तिला तेलाचा हात फिरवावाच लागतो. तो थेंबांच्या मोजणीत धरायचा नसतो. हे सगळं झाल्यावर तात्या पट्ट्यांवर साजूक तुपाची धार सोडतात, कारण कोरडं खाणं पाहुण्यापुढं ठेवणं बरं दिसत नाही. त्यांना दोष देता येत नाही. अवसरी फाट्यावरच पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे, ‘गोवर्धन’ तूप ज्यांचं ते हेच. जिथं गोठ्यावर संसार उभे राहिले तिथं स्निग्धांशाशी वैर धरायला सांगणं हा अंमळ आगाऊपणाच.

यावर तात्यांकडं एक भारी उत्तर असतं. पंतप्रधानांनी २०२५च्या फेब्रुवारीतल्या ‘मन की बात’मध्ये घरातलं खाद्यतेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं होतं, ते तात्यांना तोंडपाठ आहे. आवाहन रास्तच होतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं आणि लठ्ठपणा वाढतो आहे हेही खरं. बटाट्याचे काप, कटलेट, बाजारातले गोठवलेले समोसे असल्या गोष्टी रोज तळणाऱ्या घरात हे यंत्र खरोखर तेल वाचवतं, हेही मान्य करायला हवं. पण तात्यांच्या घरचा तेलाचा डबा रिकामा होतो तो कालवणाच्या तर्रीत आणि फोडणीत, आणि तिथं एअर फ्रायरची मात्रा चालत नाही. डब्यातून दर महिन्याला किती तेल गेलं हे तात्यांना विचारून पाहा. त्यांना ठाऊक नसतं. यंत्राचे वॅट मात्र ठाऊक असतात.

इथंच खरी मेख आहे. साधारण घरगुती एअर फ्रायर दीड हजार वॅटचा. म्हणजे दोन हॉर्सपॉवर. हा आकडा कळताक्षणी तात्यांच्या मनातून ते भांडं उतरतं आणि त्या जागी मोटर येऊन बसते. मोटरशी त्यांचं उभ्या आयुष्याचं नातं. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. उसात बिबट्या बसलेला असू शकतो हे माहीत असूनही बॅटरी घेऊन स्टार्टर दाबायला जाणारा हा माणूस. फेज गेली की आवाजावरून ओळखणारा. त्याच्यापुढं जेव्हा अंश, मिनिटं आणि चालू-बंदची कळ असलेली वस्तू येते, तेव्हा तो स्वयंपाक करत नसतो, यंत्र चालवत असतो. दहा मिनिटं हिरव्या आकड्यांवर नजर लावून बसण्याची त्याला लाजही वाटत नाही, कारण जत्रेत घाटाच्या कडेला उभं राहून बैलगाड्याची बारी किती सेकंदात बसली हे पाहण्यात त्याची उमर गेलेली असते. म्हणून त्यांची भाषाही तशीच. “एकशेऐंशीला चार मिनिटं झाली, आता पलटी.” हीच पट्टी तव्यावर परतताना घरातली बाई कधी आकडा उच्चारत नाही, ती वास घेते; आणि वास घेऊन केलेल्या कामाला कौशल्य म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. डच संशोधक फ्रेड व्हॅन डर वेय याच्या कल्पनेतलं हे यंत्र फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. आत पाहिलं तर वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीचं भांडं; थोडक्यात, पंखा लावलेली लहानशी भट्टी. अभियांत्रिकीचा कुठलाही विद्यार्थी हे दोन वाक्यांत सांगेल. पण तात्यांना ते ऐकायचं नसतं. भट्टी म्हटलं की पुन्हा बेकरी आली, म्हणजे स्वयंपाकच आला.

आता प्रश्न असा की फ्रेंच टोस्टच का? या मुलखात मासवडीसारखा दिमाखदार पदार्थ असताना तात्यांनी पावाच्या पट्ट्यांवर नाव का कोरावं? उत्तर चवीत सापडत नाही, बाकीच्यांच्या माघारीत सापडतं. कांदाभजी पहिल्याच दिवशी बाद होते, कारण पातळ पीठ गरम तेलात पडताक्षणी आकार धरतं, गरम वाऱ्यात धरत नाही. ते जाळीतून खाली गळतं आणि तळाशी पिवळं थारोळं होतं. मासवडीचं बेसन आधीच शिजलेलं, वाऱ्यात ते नुसतं वाळतं, आणि तसली वडी रश्श्यातही सुधारत नाही. भाकरीला तवा आणि जाळच लागतो. सातगाव पठाराच्या बटाट्याचे काप उत्तम होतात, पण काप सगळ्यांनाच जमतात, त्यात नाव होत नाही. पाव मात्र अंड-दूध स्वतःच्या अंगात धरून ठेवतो, गळू देत नाही. वारा लागला की आतलं अंडं घट्ट होतं आणि वरची साखर-प्रथिनं तांबूस होतात. म्हणून हा पदार्थ चुकत नाही. जाता जाता हेही सांगायला हवं की दुधात भिजवून तळलेला आणि वर मध ओतलेला पाव रोमन पाककृतींच्या संग्रहातही आहे, आणि जगभर तो मुख्यतः शिळ्या पावाची सोय म्हणून टिकला. आपल्याकडं शिळ्या चपातीचा कुस्करा होतो, भाकरीचा काला होतो, त्याच कुळातला. तात्या मात्र त्यासाठी गाडी काढून मंचरहून ताजा ब्रेड आणतात, आणि शिळी चपाती तशीच डब्यात राहते.

दुसरं एक कारण जरा नाजूक आहे. घरात म्हातारी माळकरी असते. तिच्या स्वयंपाकघरात अंडं फोडायचं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि अख्खा श्रावण तर उंबऱ्याच्या आतही आणायचं नाही. गॅसची शेगडी उचलून बाहेर नेता येत नाही, फ्रायरला मात्र ओसरीवरची पिन पुरते. म्हणजे जे यंत्र स्वयंपाकाचं म्हणून आलं ते स्वयंपाकघरात शिरतच नाही, आणि तात्याही शिरत नाहीत. ओसरीवर, जिथं त्यांची खुर्ची, पेपर आणि येणारी-जाणारी माणसं, तिथंच त्यांचा स्वयंपाक चालतो. अर्थात एकदा अंडं लागलं की त्याच जाळीत उपवासाची रताळी भाजायला म्हातारी देत नाही, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस ते यंत्र झाकणाखाली बसून राहतं. झाकण सुनेनं शिवलेलं असतं.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की यंत्रच पाहिजे असतं तर मिक्सर चाळीस वर्षं घरात आहे, त्याला तात्यांनी बोट का लावलं नाही? कारण मिक्सर जे करतो ते दुसऱ्याच्या पदार्थात जिरतं. वाटण कितीही बारीक झालं तरी वाहवा कालवणाला मिळते. फ्रायर शेवटचा, ताटात ठेवायचा पदार्थ हातात देतो आणि वर शिट्टीसारखा आवाज करून तो झाल्याची दवंडीही पिटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावातले पुरुष स्वयंपाक करतात की! सप्त्याच्या पंगतीची आमटी, बुंदी, जत्रेतलं मटण यांच्या कढया पुरुषच हलवतात. खरं आहे, आणि माझ्याच बाजूचं आहे. जिथं कढई माणसाएवढी, बघणारे शंभर आणि जेवणारे हजार, तिथं पुरुषाला चूल वर्ज्य नव्हती. वर्ज्य होती ती चार माणसांची, रोजची, कुणी न बघणारी. फ्रायरनं चार माणसांच्या स्वयंपाकाला बघणारे मिळवून दिले. गर्दी थोडी, पण ओसरीभर.

तिसरा आक्षेप सुनेच्या माहेरचे घेतात: काही का असेना, माणूस काहीतरी करायला लागला ना? लागला. फक्त काय करायला लागला ते बघायला हवं. जाळीत एका वेळी आठ-दहा पट्ट्या मावतात. चार स्लाइसचे दोन घाणे. घरात सहा माणसं आणि दोन पाहुणे धरले तर चार-पाच घाणे, म्हणजे पाऊण तास. तव्यावर तेच काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. त्या पाऊण तासात पाव कापतं कोण, अंडी फेटतं कोण, बाहेरच्या टेबलावर ताटल्या आणतं कोण? “मामा, दालचिनी संपली, वेलदोडा-जायफळ घालू का?” हा आवाज आतून येतो. पट्ट्या उलटायच्या वेळी चिमटा सापडत नाही, तेव्हा “अगं ए” ही हाकही आतच जाते. तात्यांच्या वाट्याला कळ, आकडा आणि पाहुण्यांशी बोलणं. तरीही यात काहीच फरक पडला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. साठीकडं झुकलेल्या माणसाला अंड्यात दूध किती, पाव किती वेळ बुडवला तर विरघळतो, हे ठाऊक झालं आहे. पूर्वी मीठ कुठल्या डब्यात असतं हेही त्याला सांगता आलं नसतं. नातवंडं त्याच्याभोवती गोळा होतात, आणि आजोबांनी केलेलं खायला मिळालेली या घरातली ती पहिली पिढी आहे. मीही हे कमी लेखत नाही. ज्या कारणानं तो आत आला ते कारण खोटं असलं तरी येणं खरं आहे.

खोट आहे ती पुढच्या अर्ध्या तासात. साखर आणि अंडं मिळून जाळीवर जो तांबडा पापुद्रा बसतो तो सहज निघत नाही, आणि तिथं तारेची घासणी किंवा राख वापरली तर वरचा लेप खरवडला जातो. ही सूचना तात्या खुर्चीत बसून, माहितीपत्रक हातात घेऊन, मोरीकडं तोंड करून देतात. सगळ्या तात्यांना एवढंच सांगणं: जाळी गार झाली की दहा मिनिटं कोमट पाण्यात साबण घालून बुडवून ठेवावी, मग मऊ स्पंजनं पुसावी. एका हाताचं काम आहे, तुमचं तुम्हीच करा.