ग्रॅमराव

हॉलच्या आत उडणारं, रिमोटवर चालणारं हातभर पंखांचं विमान घरी बनवणारा माणूस सोलापुरात ओळखायचा असेल, तर त्याच्या हातात विमान शोधू नये. खिशात वजनकाटा आहे का ते बघावं. सराफाच्या पेढीवर असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, तळहातावर मावणारा काटा. माणूस बँकेत असो, वीज मंडळात असो की पॉलिटेक्निकात, आपण त्याला ग्रॅमराव म्हणू. ग्रॅमराव पंचांग नेमानं बघतो, पण उलटं. लग्नाचे मुहूर्त कधी नाहीत ते त्याला हवं असतं, कारण मुहूर्त नसला की मंगल कार्यालय रिकामं, आणि रिकामं मंगल कार्यालय म्हणजे खांब नसलेलं, वारा नसलेलं, भाड्यानं मिळणारं आकाश. चातुर्मास लागला की गावातले बँडवाले आणि आचारी हवालदिल होतात. ग्रॅमराव बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. गाव त्याला ‘हौशी माणूस’ म्हणून सोडून देतं. माझ्या मते ही रक्कम चुकीच्या खात्यावर पडली आहे. ग्रॅमरावाला उडवण्याची हौस बेताचीच. त्याचा ध्यास वजन काढून टाकण्याचा. विमान उडालं ही फक्त त्याची पोचपावती. आणि असा माणूस इतर कुठे निपजो न निपजो, सोलापुरात निपजायलाच हवा होता.

हे पटायला थोडा हिशेब लागतो. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब. मैदानावरचं एखादं साधं मॉडेल सेकंदाला आठ-दहा मीटर सहज जातं. ते हॉलात सोडलं तर ‘उडालं’ म्हणेपर्यंत समोरच्या भिंतीला चिकटलेलं असतं. आत उडवायचं तर वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका हवा, सेकंदाला दोन मीटरच्या आसपास. आता पंख तेवढेच ठेवले, तर विमानाला हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. म्हणजे वेग निम्मा करायला वजन निम्मं करून भागत नाही, पावपट करावं लागतं. या सौद्यावर मंगळवार पेठेतला कुठलाही व्यापारी सही करणार नाही. पण पुढचं कलम वाचल्यावर करेल: विमान तेवढंच कललेलं असताना वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून वेग निम्मा झाला की वळण पावपट. वर्गमुळानं नेलेलं वर्गानं परत दिलं. हॉलात सगळा खेळ वळणाचाच, त्यामुळे वजन जितकं उतरेल तितकंच वळण आवळेल, रुपयाला रुपया. ग्रॅमराव हे सूत्र कुणाला मांडून दाखवत नाही. तो फक्त पंगतीत बसल्यावर जेवायच्या आधी ताटाची कड चाचपून बघतो.

ताट चाचपायला कारण आहे. जेवणावळीत पूर्वी जी पांढरी, गुळगुळीत, पातळ थर्माकोलची थाळी मिळायची, ती आणि परदेशी मॉडेलवाले ज्याला डेप्रॉन म्हणतात तो घट्ट दाण्याचा फोमचा पत्रा, ही दोन्ही एकाच घराण्यातली. डेप्रॉन बाहेरून मागवावा लागायचा. थाळी वऱ्हाडाबरोबर फुकट यायची. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या ताट-वाट्यांवरही बंदी आणली. बंदी योग्यच होती, नाले त्यानंच तुंबत होते, आणि ग्रॅमरावही चारचौघांत तसंच म्हणतो. मात्र त्याच्या माळ्यावर बंदीपूर्व काळातल्या थाळ्यांची एक चळत आहे आणि तिला घरात कुणीही हात लावायचा नाही. त्यातली एक तो सणासुदीला काढतो. आधी कड कापायची, कारण कडेला फोम दाबला गेलेला असतो आणि दाबलेला फोम जड. मग मधल्या सपाट भागाचे तुकडे नव्या ब्लेडनं कापायचे. जुन्या ब्लेडनं दाणे उपटतात. तुकडे एकमेकांना जोडताना साधा फेविक्विक चालत नाही, तो फोम खातो. त्यासाठी वेगळा डिंक आणि तोही सुईच्या टोकावर मावेल एवढा. लावला, की बोटानं निपटून अर्धा काढून टाकायचा. वाळला, की वजन. पंखाखाली एक मिलिमीटरचा कार्बन रॉड, मोडक्या खेळण्यातल्या ड्रोनची मोटर, चार ग्रॅमची एका सेलची लायपो बॅटरी. रिसीव्हरचं प्लॅस्टिकचं कवच सोलून फेकलेलं. सर्व्होच्या वायरी लागतात तेवढ्याच ठेवून बाकी छाटलेल्या, आणि जिथे जोडणीची पिन होती तिथे थेट डाग दिलेला, कारण पिनेचं वजन पाव ग्रॅम. असं करत करत साठ सेंटिमीटर पंखांचं विमान अठ्ठावीस ग्रॅमवर येऊन थांबतं. ग्रॅमराव स्वतः चौऱ्याण्णव किलोचा असतो. पण तो हॉलात उडणार नसल्यामुळे हा मुद्दा गैरलागू आहे.

बनवणं हा या कामाचा सोपा अर्धा. खरा ग्रॅमराव दिसतो तो विमान ‘लावताना’. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तिसरा हिस्सा मागे, दोन्ही बाजूंना तर्जनी टेकवून तो विमान उचलतो आणि श्वास धरून उभा राहतो. शेपूट खाली गेली तर विमान शेपटाकडे जड. असं विमान नाक वर करतं, वेग गमावतं, खाली येतं आणि पुन्हा नाक वर करतं. सामान्य माणूस अशा वेळी नाकाला शिशाचा तुकडा चिकटवील. ग्रॅमरावासमोर हे सुचवूनही बघू नये. शिसं लावणं म्हणजे महिनाभर काढलेलं वजन एका टिचकीत परत घेणं. तो बॅटरी तीन मिलिमीटर पुढे सरकवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर शेपूट घासून आणखी पातळ करतो. मग जमिनीवर दुहेरी चादर अंथरून मोटर बंद ठेवून हातानं हलकेच सोडून बघणं. चादर अर्थातच सोलापुरी. ती वजनदार आहे हा तिचा लौकिक, आणि घरातली ही एकच वस्तू जिच्या वजनावर ग्रॅमराव टीका करत नाही. नुसतं तरंगणं जमलं की मोटर चालू. मोटर चालू झाली की विमान डावीकडे ओढतं, म्हणून मोटरच्या बुडाखाली आगपेटीच्या काडीची कपची घालून तिचं तोंड केसभर उजवीकडे आणि केसभर खाली करायचं. एक पंख आळशी वाटला तर त्याच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ सोडून फोम किंचित वाकवायचा. फुंकर, फेरी, पुन्हा फुंकर. या अवस्थेत त्याच्याशी कुणी बोलू नये, आणि बोललं तरी त्याला ऐकू येत नाही.

आता आक्षेप. पहिला वॉचमनचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे: “काय करलालाव मालक, पंखे बंद करून?” सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढे जातो आणि ग्रॅमराव हॉलचे सगळे पंखे बंद करायला सांगतो, कारण सेकंदाला दोन मीटर जाणाऱ्या विमानाला छताच्या पंख्याचा झोत झेपत नाही. वर तोच कुरकुरतो की उन्हाळ्यात विमान नीट तरंगत नाही. यात तो खरा आहे. पंधरा अंशांची हवा बेचाळीस अंशांवर गेली की आठ-नऊ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या विमानावर कुणी न विचारता जवळजवळ अडीच ग्रॅम ठेवून गेल्यासारखं. हे अडीच ग्रॅम हवामान खात्याकडून वसूल करता येत नाहीत, म्हणून तो ते विमानातून काढतो. थंड गावातल्या छंदिष्टाला जे परवडतं ते याला परवडत नाही, आणि सोलापूरच्या ग्रॅमरावाचा काटा इतका बारीक का, याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा आक्षेप शिकल्या-सवरल्या लोकांचा: हा साहेबी नाद, चादर विणणाऱ्या गावाला तो शोभत नाही. उलट आहे. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून या गावानं सूत हाताळलं. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा चढला की सूत बारीक. ठरलेल्या वजनातून जास्तीत जास्त लांबी कशी काढायची हा प्रश्न इथल्या यंत्रमागवाल्याला बाराखडीइतका ओळखीचा, आणि ग्रॅमराव तोच प्रश्न पंखाला विचारतो. तोलाचं म्हणाल, तर संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते उंच काठ्यांचे ध्वज पेलण्याचा सराव भक्त आधीपासून करतात, आणि मिरवणुकीत तोल जाऊ देत नाहीत. हे दरवर्षी बघणाऱ्या गावानं दोन बोटांवर विमान तोलणाऱ्याला हसू नये. खाण्यातही इथला कल स्पष्ट आहे: कडक भाकरी पाण्याचा अंश काढून टाकून पातळ, हलकी आणि टिकाऊ केलेली असते, ग्रॅमरावाचं विमान त्याच जातीचं. राहता राहिला विमानांचा संबंध. ज्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. एवढं असून खुद्द सोलापूरच्या विमानसेवेचं घोडं वर्षानुवर्षं साखर कारखान्याच्या चिमणीपाशी अडलं. चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, आणि गोव्याचं विमान जून २०२५ मध्ये सुटलं. चिमणी हवी की नको या वादात मी पडत नाही. छताच्या आत उडवणाऱ्याला कुठलीच चिमणी आडवी येत नाही, एवढंच ग्रॅमरावाच्या बाजूनं नोंदवतो.

कुणी म्हणेल, हेच काम जगात याहून सरस होतं, मग सोलापूरचं काय कौतुक? होतं खरं. रबराच्या पिळावर चालणारी, रबर सोडून दीड ग्रॅमच्याही आत बसणारी विमानं अर्धा-अर्धा तास हॉलात फिरत राहतात, आणि रुमानियातल्या स्लानिक गावी तर त्यांच्या जागतिक स्पर्धा मिठाच्या खाणीत भरल्या आहेत. ते ग्रॅमरावाचे थोरले चुलते. पण त्यांच्या विमानात रिसीव्हर नाही, बॅटरी नाही, वळायचा हुकूम नाही. एकदा सोडलं की हात जोडून बघायचं. आपला माणूस सुकाणू हातात ठेवून हलका होऊ बघतो, आणि दोन्ही साधणं अवघड. ‘मग तयारच का नाही घेत?’ हाही प्रश्न असतो. घेतो की. तयार मॉडेल मागवतो, पोट फाडतो, आतली मोटर आणि रिसीव्हर काढून घेतो आणि बाकीचं शेजारच्या मुलाला देतो. त्याच्या घराला पोरांचा गराडा असतो तो यामुळे. त्यात बालप्रेमाचा भाग कमी.

‘उपयोग काय’ या शेवटच्या प्रश्नाला त्याचे हितचिंतक एक ठरावीक उत्तर देतात: राइट बंधूंना लहानपणी, १८७८ साली, वडिलांनी रबरावर उडणारं खेळणं आणून दिलं आणि त्यातून पुढे विमान आलं. हा बचाव मला मान्य नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, गृहकर्ज फेडत असलेल्या ग्रॅमरावातून राइट निघणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. उपयोग आहे तो वेगळा, आणि लहान. वस्तू बनवताना आपण भर घालत जातो. लग्नाची पत्रिका घ्या, भाषण घ्या, घराचा दर्शनी भाग घ्या. एखादी गोष्ट काढली तर काही बिघडतं का, हे बघणारा माणूस गावात दुर्मीळ, आणि बिघडतं की नाही याचा निकाल ज्याला लगेच, डोळ्यांदेखत, भिंतीवर आपटून मिळतो असा त्याहून दुर्मीळ. ग्रॅमरावाला तो निकाल दर रविवारी मिळतो. त्रास आहे, नाकारत नाही. पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्याचं वजन तो पेढ्यांच्या वजनातून वजा करून सांगतो. नवी साडी हातात घेऊन “किती छान” म्हणण्याऐवजी “किती ग्रॅम” म्हणून गेलेला आहे, आणि त्या संध्याकाळी विमानं माळ्यावर राहिली. व्याही म्हणून किंवा प्रवासातला सोबती म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. कारागीर म्हणून करीन, बिनशर्त.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घर आवरताना २०१८ पूर्वीच्या थर्माकोलच्या थाळ्या कुठे निघाल्या, तर नाल्यात टाकू नका; तुमच्या गल्लीतला ग्रॅमराव शोधा आणि त्याला द्या. फक्त धुऊन, पुसून द्या. रश्श्याचा तवंगही तो वजनात धरतो.