साखरत्यागाचे हिशेबशास्त्र

साखर सोडण्याचा संकल्प करणाऱ्या मराठी माणसाचा अभ्यास आजवर आहारशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला असला, तरी हा विषय मुळात हिशेबशास्त्राचा आहे, ही बाब दुर्लक्षित राहिली आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती कोणत्या खात्यावर मांडली यावरच या संकल्पाचे आयुष्य अवलंबून असते, आणि मांडणीची ही कला मराठी घरांनी ज्या थराला नेली आहे, तिथवर जाण्याची हिंमत सनदी लेखापालालाही सहसा होणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ‘मुक्त शर्करा’ ही संज्ञा वापरली आहे. पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचा रस यांत मुळातच असलेली साखर तिच्यात मोडते. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर मात्र तिच्यात धरली जात नाही. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी 10 टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास 5 टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून मिळावी, अशी ती शिफारस असून यातला दुसरा आकडा सर्वसाधारण प्रौढासाठी सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे एवढा भरतो. घरगुती श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालण्याची रीत अनेक घरांत असल्याने 100 ग्रॅमच्या वाटीत असा दोन दिवसांचा शिधा एका बैठकीत संपतो, आणि एकाच वाटीवर थांबणारा पाहुणा तर यजमानाला आजारी वाटतो. साखरत्यागी ही व्याख्या काळजीपूर्वक वाचतो, पण तिच्यातले लक्षात ठेवतो ते फक्त सूट दिलेले पदार्थ. मग फळाला मिळालेली सूट आमरसापर्यंत आणि आमरसाची सूट आम्रखंडापर्यंत विनासायास पोचते.

संकल्पाची पहिली नोंद रंगाची असते. पांढरी साखर डब्यातून हद्दपार होते आणि तिच्या जागी गूळ येतो. गूळ हाही उसाच्याच रसाचा, फक्त मळी वेगळी न काढता कढईत आटवलेला. त्याचा बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखरच असते, आणि त्यातल्या लोहादी खनिजांचा खरोखर उपयोग व्हायचा तर गूळ इतका खावा लागेल की लोहाची चिंता करण्याची वेळच येणार नाही. तो ‘सेंद्रिय’ असेल तर दुप्पट महाग पडतो आणि म्हणून निम्मा अपायकारक मानला जातो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तो गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातेत पाठवून कोल्हापूर स्वतः तांबड्या रश्श्यावर घाम पुसत बसते, यात एक प्रकारची व्यापारी सचोटी आहे. आमटीत गुळाचा खडा टाकून ती आमटी तिखटमिठाच्या खाती मांडण्याची विद्या पुण्याकडची. गोड लिंबाचे लोणचे, कोकम सरबत, टोमॅटोचे सॉस यांची नोंदही त्याच खात्यात होते.

दुसरे खाते धर्मादायाचे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर सारख्याच सव्वाच्या मापाने पडतात. तथापि प्रसादाला नाही म्हणू नये या नियमापुढे आरोग्य संघटनेचे काही चालत नाही, आणि द्रोणात दुसऱ्यांदा वाढलेला शिराही प्रसादच राहतो. याखेरीज किरकोळ सवलतींचे एक खाते असते. उभ्याने खाल्लेले, नातवाच्या ताटात उरलेले, ‘बघ जरा जमलाय का’ म्हणून चाखलेले आणि डब्याच्या तळाशी राहिलेला बेसनाच्या लाडवाचा चुरा हे सर्व त्यात जिरते. लाडू अर्धा खाल्ल्यास त्याची नोंदच होत नाही. त्यामुळे दिवसातून चार वेळा अर्धा लाडू खाणाऱ्याच्या वहीत रात्री शून्य शिल्लक दिसते आणि डबा मात्र रिकामा होत जातो.

या हिशेबाला महाराष्ट्रात सार्वजनिक पाठबळही आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये झाला, आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राचे राजकारण, शिक्षणसंस्था आणि लग्नसंबंध यांच्यात साखरेचा अंश किती, हे मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. अनेक कारखाने सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतात. ज्या सभासदाला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, तोही दिवाळीपूर्वी पिशवी घेऊन रांगेत उभा राहतो, कारण पथ्य आरोग्यापुरते असते आणि शेअर हा हक्क असतो. पिशवी घरी आली की ती वाया जाऊ नये, ही जबाबदारी ओघाने येते.

आता गोडाच्या ओढीविषयी. मधुर रसाची आवड माणूस जन्मतःच घेऊन येतो, त्यामुळे तिच्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. पोटभर जेवल्यावरही जिलेबीला जागा कशी होते, या जुन्या प्रश्नाला शास्त्राने ‘संवेदनिष्ठ तृप्ती’ असे उत्तर दिले आहे: जो पदार्थ खाल्ला जातो त्याच चवीचा कंटाळा येतो, वेगळ्या चवीचा येत नाही, म्हणून वरणभाताने तृप्त झालेला माणूस जिलेबीच्या बाबतीत उपाशीच असतो. सुश्रुतसंहिता मधुर रस जेवणाच्या आरंभी घ्यावा असे सांगते, हॉटेलांनी तो शेवटी आणून ठेवला. साखरत्यागी परंपरा आणि आधुनिकता दोहोंचा मान राखतो.

उपाय आहेत. मधुनाशिनी किंवा गुडमार या वेलीचे पान चावल्यास त्यातली द्रव्ये जिभेवरील गोड चवीची ग्राहके काही काळ अडवून धरतात आणि साखर वाळूसारखी लागते. मात्र हा परिणाम अर्ध्याएक तासात ओसरतो, आणि तेवढा वेळ पेढा झाकून ठेवता येतो. सॅकरिनचा शोध 1879 साली कॉन्स्टंटिन फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतून आल्यावर हात न धुता जेवायला बसल्यामुळे लागला, हे स्वच्छतेच्या पुरस्कर्त्यांनी फारसे सांगितलेले नाही. अशा पर्यायी गोडव्याची गोळी चहात टाकली की वाचलेल्या साखरेवर दोन बर्फ्यांचा अधिकार सिद्ध होतो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पर्याय वापरू नयेत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली केली, पण तोवर बर्फ्या संपलेल्या होत्या. प्रस्तुत लेखाच्या मते खात्रीचा मार्ग एकच आणि तो कंटाळवाणा आहे: चहातली साखर पाव-पाव चमच्याने उतरवत नेणे. जीभ हळूहळू सरावते आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो.

अडचण येते ती दुसऱ्याच्या घरी. ‘चहा बिनसाखरेचा’ असे पाहुण्याने म्हणताच यजमानीण क्षणभर गप्प होते, आतल्या खोलीत कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलते, आणि मग खरोखर बिनसाखरेचा चहा घेऊन येते. सोबतच्या बशीत दोन लाडू, एक करंजी आणि चार शंकरपाळ्या असतात, आणि ‘चहात काहीच नाही घातलंय, निदान एवढं तरी घ्या’ असे ती म्हणते.