ऐकतोय कोण!

आमच्या घरात निर्णय घ्यायची वेळ आली की मी "बघू" म्हणतो. या "बघू"मुळे फ्रिज ऐन उन्हाळा उलटल्यावर आला आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग अजून यायचंय. त्यामुळे नागनाथ पारामागच्या बोळात कुत्र्यांना खायला घालणाऱ्या मुलीने "काका, याची सगळी भावंडं गेली, हाच राहिलाय. घेता का?" असं विचारलं, तेव्हाही तोंडातून तेच निघालं. पिल्लू पांढरंशुभ्र, कानाजवळ चहा सांडल्यासारखा डाग आणि एक डोळा चक्क निळा. "बहिरा असावा बहुतेक," ती म्हणाली. "म्हणून कुणी नेत नाही." तोवर आमच्या कन्येने त्याला उचललंही होतं. बायको म्हणाली, "राहू दे थोडे दिवस, मग बघू." तिच्या "बघू"चा अर्थ हो असतो.

मला नकार द्यायचा होता, पण कारण असं हवं होतं की माझ्यावर कुणी निर्दयपणाचा शिक्का मारू नये. 'बहिरा आहे हो, आपल्याला झेपायचं नाही' हे उत्तम होतं. फक्त ते सिद्ध करायला हवं होतं.

मी अभ्यास केला. पिल्लांचे कान जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. हे तर दोन महिन्यांचं, म्हणजे सबब उरली नाही. दुपारची जेवणं झाल्यावर पिल्लू पायपुसण्यावर झोपलेलं बघून मी परात आणि लाटणं घेऊन दाराआड उभा राहिलो. हळू वाजवलं. काही नाही. जोरात वाजवलं. कान हलला नाही. शेवटी परात फरशीवर सोडून दिली. पिल्लू उठलं, जांभई दिली, कूस बदलून परत झोपलं.

"ऐकलं त्याने!" बायको.

"फरशी हादरली म्हणून उठलं," कन्या. "आणि पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतातच, बाबा. यावरून काही ठरत नाही."

मग मी देवघरातला शंख घेतला. शंख मला वाजवता येत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती; त्या दिवशी ती इमारतीलाही कळली. जो आवाज निघाला त्याचं वर्णन सभ्य मासिकात करता यायचं नाही. पिल्लाने मात्र डोळे उघडून माझं नाक चाटलं, कारण फुंकर थेट त्याच्या तोंडावर गेली होती.

वेळ दुपारची सव्वादोनची, ठिकाण सदाशिव पेठ. बेल वाजणारच होती. तिसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवर उभे होते. "निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. कायदा आहे तसा. चाललंय काय?"

मी प्रयोग समजावून सांगितला.

"मग? ऐकू येतंय का त्याला?"

"नाही वाटत."

"आम्हाला येतंय," असं म्हणून ते जिना चढून गेले.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझी हकिगत न हसता ऐकली, हा त्यांचा मोठेपणा. "भांडी आपटलीत ना? सगळे तेच करतात. कुत्र्याला हादरा कळतो, हवा कळते, वास कळतो. घरच्या परीक्षेला अर्थ नाही." मग त्यांनी सांगितलं ते असं : कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. पांढऱ्या जनावरात त्या तिथे नसल्या, तर पिल्लू काही आठवड्यांचं होईतो ऐकण्याच्या पेशी मरून जातात. निळा डोळा हीही त्याचीच खूण असू शकते. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांत सुमारे तीस टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, हे तर डार्विनने १८५९ सालच्या ग्रंथातच लिहून ठेवलंय. खरी चाचणी म्हणजे 'बेरा'. तान्ह्या बाळांची करतात तीच, डोक्याला तारा लावून. पण कुत्र्यांसाठी ती सोय मोजक्याच ठिकाणी असते.

"आणि एकाच कानाने बहिरा असला तर?"

"तर तो तुमच्या सगळ्या परीक्षा पास होईल. आवाज कुठून आला एवढंच कळणार नाही."

मला माझा मोबाईल घरात कुठे वाजतोय ते दोन्ही कान शाबूत असून कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"पट्ट्याशिवाय रस्त्यावर कधी सोडायचा नाही," ते पुढे म्हणाले. "झोपेत एकदम हात लावायचा नाही, दचकून चावेल. आधी नाकापाशी हात न्यायचा. बाकी सगळं खुणांनी शिकतो."

मला फट सापडली. घरी येऊन जाहीर केलं, "आपल्याला खुणांची भाषा कुठे येते?"

खोलीत शांतता पसरली. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आमच्या आईने आयुष्यभर पाहुण्यांसमोर माझ्यावर भुवयांनी राज्य केलंय. 'दुसरा लाडू घेऊ नकोस', 'दूध संपलंय, चहा विचारू नकोस', 'आता त्यांना घालव' यांतल्या एकालाही तिला कधी शब्द लागला नाही. तिने बिस्कीट धरलेला हात वर नेला, तळवा खाली केला. पिल्लू बसलं. मला शिकायला याहून खूप वेळ लागला होता.

वर बायकोने हिशेब मांडला. दिवाळीत पेठेतली कुत्री फटाक्यांनी पलंगाखाली थरथरत असतात. गणपतीआधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव, मग विसर्जनाची मिरवणूक, ती दुसऱ्या दिवशीही चालूच असते. या सगळ्यात सुखाने झोपू शकेल असा घरात एकजण तरी असेल.

शेवटची आशा तिसऱ्या मजल्यावर होती. तिथून हरकत येईल म्हणून मी मुद्दाम परवानगी मागायला गेलो. काका प्रसन्न झाले. "बहिरा ना? मग भुंकायचाही नाही. खुशाल घ्या!" बहिरी कुत्री व्यवस्थित भुंकतात, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी फक्त "बघू" म्हणालो आणि खाली आलो.

तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस टोचली, महापालिकेच्या परवान्याचा अर्ज भरला. नावाच्या रकान्यात कन्येने 'शंख्या' लिहिलं. हाक म्हणून ती मूठ तोंडाशी नेऊन गाल फुगवते. तो धावत येतो. माझी नक्कल आहे ही, पण तक्रार करणार कुणाकडे?

शंख्याला आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नाही. गेल्या आठवड्यात खिडकीतल्या कबुतरावर तो भर दुपारी असा भुंकला की ५५ डेसिबल लाजले असते. जिन्यात चपला वाजल्या. बेल. मी चटकन बेडरूमच्या दाराआड गेलो आणि 'मी घरी नाही' अशी बायकोला जोरजोरात हाताने खूण केली. ती तिला समजली. दुर्दैवाने शंख्याच्या शब्दकोशात तिचा अर्थ 'इकडे ये' असा होता. तो शेपटी हलवत थेट दाराआड आला आणि मागचे पाय टेकून माझ्यासमोर बसला, बिस्किटाची वाट बघत.

"त्या कुत्र्याच्या समोर जे कोण उभे आहेत," बाहेरून काका म्हणाले, "त्यांना जरा पाठवा."